घटक ६ : संकलित चित्रफितीचे जतन आणि उत्तरकालीन बदल

घटक रचना

६.० उद्दिष्टे
६.१ प्रास्ताविक
६.२ विषय-विवेचन
६.२.१ संपादन आणि संकलन
६.२.२ अंतिम प्रत आणि प्रकल्प
६.२.३ डीव्ही फीत आणि कालसंकेत
६.२.४ बदलांचे तीन स्तर
६.२.५ संग्रहफितीची मांडणी
६.२.६ फितीबाहेरची सामग्री
६.२.७ फितीचे आयुष्य आणि स्थलांतर
६.३ सारांश
६.४ पारिभाषिक शब्द
६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
६.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,

- संकलित चित्रफितीची अंतिम प्रत आणि तिच्यामागचा प्रकल्प यांतील भेद स्पष्ट करता येईल.
- कालसंकेताच्या आधारे प्रकल्प पुन्हा कसा उभा करता येतो, हे सांगता येईल.
- पुढे संभवणाऱ्या बदलांचा विचार करून संग्रहफितीची मांडणी करता येईल.
- बोलीभाषेच्या दृक्-श्राव्य नोंदीचे जतन करताना कोणत्या जबाबदाऱ्या येतात, हे समजून घेता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी चित्रीकरण कसे करावे, निवेदकाची संमती कशी घ्यावी आणि मिळालेल्या सामग्रीतून माहितीपट कसा तयार करावा, याचा विचार केला. माहितीपट तयार झाला, त्याचे प्रदर्शन झाले, की काम संपले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत घटकाचा विषय या समजुतीच्या पुढे सुरू होतो. तयार झालेल्या माहितीपटात काही वर्षांनी बदल करावा लागला, तर तो करता येईल अशा अवस्थेत आपण त्याची सामग्री ठेवली आहे काय, हा या घटकातील मुख्य प्रश्न आहे.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. २००४ च्या डिसेंबरात मी आणि माझे काही विद्यार्थी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका गावी मालवणी बोलीच्या अभ्यासासाठी गेलो होतो. नऊ मिनी डीव्ही कॅसेटी भरतील एवढे चित्रीकरण झाले. त्यातून २६ मिनिटांचा माहितीपट तयार केला आणि प्रमाण मराठीतील उपशीर्षके चित्रावरच कायमची उमटवली. पुढे तोच माहितीपट त्या गावात दाखवला. त्यात एक वृद्ध आजी आपल्या घराविषयी बोलताना म्हणतात, “माज्या चेडवान ह्यां घर बांदल्यान.” मालवणीत ‘चेडू’ म्हणजे मुलगी. आमच्या उपशीर्षकात मात्र ‘माझ्या मुलाने हे घर बांधले’ असे उमटले होते. उपशीर्षके लिहिणारा विद्यार्थी त्या भागातला नव्हता आणि ती तपासण्याचे काम माझे होते. घर मुलानेच बांधले असणार, हे आम्ही दोघांनीही नकळत गृहीत धरले होते.

खेळ संपल्यावर त्या आजींची मुलगी माझ्याजवळ आली आणि शांतपणे म्हणाली, “सर, आवस चेडू म्हणता, आणि तुमी मुलगो लिवलास.” मी दुरुस्तीचे आश्वासन दिले. परत आल्यावर कळले, की दुरुस्ती करण्यासारखे काहीच उरलेले नाही. उपशीर्षकांशिवायची प्रत आम्ही काढलेली नव्हती. संगणकातील जागा मोकळी करण्यासाठी प्रकल्पाचा फोल्डर पुसला होता आणि काटकसर म्हणून मूळ कॅसेटींवर दुसऱ्या कार्यक्रमाचे चित्रीकरण झाले होते. तसे करण्यास मीच परवानगी दिली होती. अखेर चुकीच्या ओळीवर काळी पट्टी टाकून त्यावर नवी ओळ लिहिली. ती पट्टी आजही दिसते. परंतु खरी हानी निराळीच आहे. ‘घर बांदल्यान’ या वाक्यानंतर आजींनी मुलीने पैसे कसे जमवले, चिरे कुठून आणले, हे सविस्तर सांगितले होते. वेळेअभावी आम्ही तो भाग वगळला होता. तो आता कुठेही नाही. आजीही नाहीत.

या घटकातील विवेचन तांत्रिक वाटले, तरी त्याचे प्रयोजन या प्रसंगाच्या आधारे लक्षात घ्यावे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ संपादन आणि संकलन

इंग्रजीत ‘एडिटिंग’ या एकाच शब्दाने ज्या दोन क्रिया सांगितल्या जातात, त्यांना मराठीत दोन शब्द आहेत. ग्रंथाचे किंवा नियतकालिकाचे ‘संपादन’ होते, चित्रपटाचे ‘संकलन’ होते. ‘संकलन’ या शब्दात एकत्र करणे, गोळा करणे हा अर्थ प्रधान आहे. चित्रपटाचा संकलक निरनिराळ्या वेळी टिपलेले तुकडे निवडतो, कापतो आणि एका क्रमाने जोडतो. असे असले, तरी ग्रंथसंपादनात जो प्रश्न महत्त्वाचा ठरतो तोच येथेही निर्माण होतो. आपल्यासमोरील पाठ कोणत्या आधारांवर उभा आहे आणि ते आधार आज तपासता येतात काय?

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा प्रत्यक्ष साक्षीदारांकडून मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि पुढे शिष्यांनी स्मरणाच्या आधारे पाठ पुन्हा सिद्ध केले. त्यामुळे आज आपल्यापुढे एक पाठ नसून पाठभेद आहेत. याउलट, एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ची पाठशुद्धी केली. शुद्धीसाठी ताडून पाहण्याजोग्या प्रती उपलब्ध असाव्या लागतात. दुरुस्ती करणाऱ्याची योग्यता कितीही मोठी असली, तरी आधारसामग्री नसेल तर त्याला स्मरणावर विसंबावे लागते. चित्रफितीच्या बाबतीत तर स्मरणाचाही आधार नसतो. निवेदकाचा आवाज आणि चेहरा स्मरणातून पुन्हा निर्माण करता येत नाही.

६.२.२ अंतिम प्रत आणि प्रकल्प

प्रेक्षक पाहतो ती ‘अंतिम प्रत’. तीत चित्र, उपशीर्षके, निवेदन, संगीत आणि पार्श्वध्वनी एकजीव झालेले असतात. भाजी शिजल्यावर तीतील मीठ वेगळे काढता येत नाही, तसे अंतिम प्रतीतून उपशीर्षक किंवा संगीत वेगळे काढता येत नाही.

‘प्रकल्प’ ही निराळी गोष्ट आहे. संगणकावरील संकलनात मूळ चित्रण प्रत्यक्ष कापले जात नाही. कोणत्या कॅसेटीवरील कोणता अंश, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत, कोणत्या क्रमाने वापरायचा, याच्या सूचना एका प्रकल्प-फाइलमध्ये साठवल्या जातात. ही फाइल आकाराने अगदी लहान असते. मूळ चित्रण मात्र मोठे असते. डीव्ही पद्धतीत एका तासाच्या चित्रणाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे आमच्या नऊ कॅसेटींना सुमारे ११७ गिगाबाइट जागा लागली असती. त्या काळातील साधारण संगणकाच्या हार्ड डिस्कवर एवढी जागा एका प्रकल्पासाठी दीर्घकाळ अडवून ठेवणे शक्य नव्हते.

यावरचा उपाय सोपा होता आणि जाणकार संकलक तो वापरत असत. मूळ कॅसेटी जपून ठेवायच्या, लहानशी प्रकल्प-फाइल सीडीवर उतरवून ठेवायची आणि संगणकातील मोठे चित्रण निर्धास्तपणे पुसायचे. पुन्हा गरज पडली, की प्रकल्प-फाइल उघडायची. संगणक एकेक कॅसेट मागतो आणि नोंदलेल्या क्षणांनुसार नेमके तेवढेच अंश कॅसेटीवरून पुन्हा उतरवून घेतो. या क्रियेला ‘बॅच कॅप्चर’ असे म्हणतात. अशा रीतीने संपूर्ण प्रकल्प पूर्ववत उभा राहतो. मात्र यासाठी कालसंकेत निर्दोष असणे ही अट आहे.

६.२.३ डीव्ही फीत आणि कालसंकेत

डीव्ही पद्धत १९९५ च्या सुमारास बाजारात आली. मिनी डीव्ही कॅसेटीतील फीत ६.३५ मिलिमीटर रुंद असते आणि प्रचलित कॅसेटीवर सर्वसाधारण वेगाने ६० मिनिटे चित्रण होते. भारतात वापरल्या जाणाऱ्या पॅल पद्धतीत एका सेकंदात २५ चौकटी असतात. फीत चुंबकीय असली, तरी तिच्यावरील नोंद अंकीय असते. त्यामुळे फायरवायर जोडणीतून एका फितीवरून दुसऱ्या फितीवर किंवा संगणकावर प्रत काढताना, फीत नीट वाचली गेली असेल तर, गुणवत्तेत घट होत नाही. व्हीएचएससारख्या जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रतीबरोबर चित्र फिके होत जाई, तसे येथे होत नाही.

प्रत्येक चौकटीबरोबर फितीवर एक क्रमांक नोंदला जातो. त्यास ‘कालसंकेत’ किंवा रूढ भाषेत ‘टाइमकोड’ असे म्हणतात. तो तास, मिनिट, सेकंद आणि चौकट अशा चार जोड्यांत लिहितात. उदाहरणार्थ, ००:१२:०५:१० म्हणजे १२ मिनिटे, ५ सेकंद आणि १० वी चौकट. पॅल पद्धतीत शेवटची जोडी ०० ते २४ या मर्यादेत असते. एखादा अंश ००:१२:०५:१० पासून ००:१२:११:१० पर्यंत असेल, तर त्याची लांबी ६ सेकंद, म्हणजे १५० चौकटी होते.

कालसंकेताविषयी दोन दक्षता घ्याव्यात.

१) अखंडता. चित्रीकरणाच्या मध्ये कॅसेट मागे नेऊन पाहिली आणि पुढील चित्रण कोऱ्या भागावर सुरू केले, तर कॅमेरा कालसंकेत पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. एकाच कॅसेटीवर ००:०२:००:०० हा क्षण दोन ठिकाणी येतो आणि संगणकाला कोणता घ्यावा हे कळत नाही. हे टाळण्यासाठी प्रत्येक चित्रणाच्या शेवटी काही सेकंद जादा चित्रण करावे आणि पुढचे चित्रण त्या जादा भागातूनच सुरू करावे.

२) अनन्यता. प्रत्येक कॅसेटीला स्वतंत्र क्रमांक हवा. ‘कॅसेट १’ असे नाव पुरेसे नाही, कारण पुढच्या प्रकल्पातही ‘कॅसेट १’ असणारच. गावाचे संक्षिप्त नाव, वर्ष आणि क्रमांक एकत्र करून नाव द्यावे. ते आठ अक्षरांच्या आत ठेवणे सोयीचे, कारण जुन्या संकलन-यादीच्या पद्धतीत याहून मोठी नावे तुटतात. कॅसेटीवर, तिच्या डबीवर आणि प्रकल्प-फाइलमध्ये तेच नाव असावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

अ) प्रकल्प-फाइल जपून ठेवली, परंतु मूळ कॅसेटी पुसल्या गेल्या, तर त्या फाइलचा उपयोग का उरत नाही?
आ) एक अंश ००:२१:१४:१८ पासून ००:२१:२०:०५ पर्यंत आहे. त्याची लांबी किती चौकटींची?

६.२.४ बदलांचे तीन स्तर

पुढे कोणते बदल करावे लागतील, हे आज सांगता येत नाही. परंतु बदल कोणत्या प्रकारचे असू शकतात, हे सांगता येते. त्यांचे तीन स्तर मानावेत.

पहिला स्तर : अक्षरांचे बदल. उपशीर्षकातील चूक, श्रेयनामावलीत राहून गेलेले नाव, दुसऱ्या भाषेतील उपशीर्षकांची मागणी हे बदल या स्तरावरील होत. यासाठी अक्षरविरहित चित्राची, म्हणजे ‘स्वच्छ प्रतीची’ गरज असते.

दुसरा स्तर : ध्वनीचे बदल. निवेदन नव्याने करणे, संगीत बदलणे किंवा काढून टाकणे हे बदल या स्तरात येतात. संगीताच्या वापराची परवानगी नंतर नाकारली गेल्यास असा बदल अपरिहार्य होतो. यासाठी बोलणे आणि संगीत वेगवेगळ्या ध्वनिमार्गांवर ठेवलेले असावे लागते.

तिसरा स्तर : रचनेचे बदल. वगळलेला भाग पुन्हा घेणे, क्रम बदलणे, निवेदकाच्या विनंतीवरून एखादे विधान काढणे हे बदल सर्वांत खोल आहेत. यासाठी प्रकल्प-फाइल आणि मूळ कॅसेटी दोन्ही लागतात. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने हे साधत नाही.

आमच्या माहितीपटातील चूक पहिल्या स्तरावरची होती. स्वच्छ प्रत असती तर ती अर्ध्या तासात दुरुस्त झाली असती. आजींचे वगळलेले कथन मात्र तिसऱ्या स्तरावरचे होते आणि त्यासाठी मूळ कॅसेटींना पर्याय नव्हता.

६.२.५ संग्रहफितीची मांडणी

पहिल्या दोन स्तरांची तरतूद एकाच ६० मिनिटांच्या कॅसेटीवर करता येते. २६ मिनिटांच्या माहितीपटासाठी पुढील मांडणी उपयुक्त ठरते.

- ००:००:००:०० ते ००:०१:००:०० : ३० सेकंद रंगपट्टे व त्यासोबत स्थिर ध्वनी, २० सेकंद पाटी, १० सेकंद काळा पडदा. पाटीवर माहितीपटाचे नाव, आवृत्ती क्रमांक, तारीख आणि लांबी लिहावी.
- ००:०१:००:०० ते ००:२७:००:०० : पूर्ण प्रत. उपशीर्षके व संमिश्र ध्वनी यांसह.
- ००:२७:००:०० ते ००:२८:००:०० : काळा पडदा व दुसरी पाटी.
- ००:२८:००:०० ते ००:५४:००:०० : स्वच्छ प्रत. अक्षरे नाहीत. डाव्या ध्वनिमार्गावर केवळ बोलणे, उजव्या मार्गावर केवळ संगीत व पार्श्वध्वनी.
- उरलेली सुमारे सहा मिनिटे : त्या जागेचा नुसता परिसरध्वनी दोन मिनिटे आणि महत्त्वाच्या पण वगळलेल्या काही अंशांचा संग्रह.

रंगपट्टे आणि स्थिर ध्वनी हे वाया घालवलेले अर्धे मिनिट नव्हे. काही वर्षांनी निराळ्या यंत्रावर फीत चालवताना रंग आणि आवाजाची पातळी मूळ प्रतीप्रमाणे आहे की नाही, हे त्यांवरून ठरवता येते.

या मांडणीत एक सोय आहे. स्वच्छ प्रतीतील कोणतीही चौकट पूर्ण प्रतीतील त्याच चौकटीपेक्षा नेमकी २७ मिनिटे पुढे असते. चुकीचे उपशीर्षक ००:१४:३२:०० ते ००:१४:३६:०० या चार सेकंदांत असेल, तर त्याखालचे स्वच्छ चित्र ००:४१:३२:०० ते ००:४१:३६:०० येथे मिळेल. ते उतरवून पूर्ण प्रतीवर बसवावे, त्यावर दुरुस्त ओळ लिहावी आणि नवी प्रत फितीवर उतरवावी. बदल झालेल्या १०० चौकटीच संगणक नव्याने घडवतो. बाकीचे चित्र जसेच्या तसे पुढे जाते.

नवी प्रत जुन्या फितीवर कधीही उतरवू नये. ती नव्या फितीवर घ्यावी, आवृत्ती क्रमांक वाढवावा आणि काय बदलले, का बदलले, कोणाच्या सांगण्यावरून बदलले, हे नोंदवहीत लिहावे. ग्रंथसंपादक पाठभेदांची नोंद ठेवतो त्याच कारणासाठी ही नोंद आवश्यक आहे. संग्रहफीत तयार झाल्यावर कॅसेटीच्या पाठीवरील लहान सरकपट्टी ‘सेव्ह’ या बाजूला सरकवावी. मग तिच्यावर चुकून चित्रण होऊ शकत नाही. मूळ कॅसेटींच्या बाबतीत हे चित्रीकरण संपताक्षणीच करावे.

सर्व मूळ कॅसेटी ठेवणे खरोखरच अशक्य असेल, तर निदान वापरलेले अंश दोन्ही बाजूंनी थोडे वाढवून वेगळ्या फितीवर उतरवावेत. या वाढीव भागाला संकलक ‘हँडल’ म्हणतात. दोन सेकंदांचे हँडल ठेवल्यास ००:१२:०५:१० ते ००:१२:११:१० हा अंश ००:१२:०३:१० ते ००:१२:१३:१० असा घ्यावा लागतो. त्यामुळे पुढे जोड थोडा मागेपुढे करता येतो. मात्र हा दुय्यम उपाय आहे. बोलीच्या अभ्यासकासाठी वगळलेला भागही भाषिक सामग्रीच असतो. आज निरर्थक वाटलेले वाक्य उद्याच्या अभ्यासकाला एखाद्या प्रत्ययाचा एकमेव पुरावा म्हणून लागू शकते.

६.२.६ फितीबाहेरची सामग्री

माहितीपटातील काही घटकांना कालसंकेत नसतो. सीडीवरून घेतलेले संगीत, संगणकावर ध्वनिमुद्रित केलेले निवेदन, छायाचित्रे, नकाशे आणि शीर्षके कॅसेटीवरून पुन्हा उतरवता येत नाहीत. त्यांच्या फाइली प्रकल्प-फाइलसोबत स्वतंत्रपणे ठेवाव्यात.

मराठी मजकुराच्या बाबतीत विशेष काळजी हवी. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे अनेक निरनिराळ्या सांकेतिक पद्धतींचे फाँट वापरात होते. त्यांपैकी एखाद्यात लिहिलेली उपशीर्षके तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून उपशीर्षकांचा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या मजकूर-फाइलमध्ये, प्रत्येक ओळीच्या आरंभ व अंत क्षणांसह ठेवावा. शक्य असल्यास त्याचा छापील कागदही नोंदवहीत लावावा. बोलीतील मूळ वाक्य आणि त्याचे प्रमाण मराठीतील रूपांतर शेजारी शेजारी असावे. आमच्याकडे असा तक्ता असता, तर ‘चेडवान’ या शब्दासमोर ‘मुलाने’ लिहिलेले त्या भागातील कोणाच्याही नजरेस प्रदर्शनापूर्वीच पडले असते.

प्रकल्प-फाइल ज्या संगणक-प्रणालीत तयार झाली, ती प्रणाली दहा वर्षांनी उपलब्ध असेलच असे नाही. यासाठी ‘संकलन-यादी’ही काढून ठेवावी. ती साध्या मजकुराची फाइल असते. तीत प्रत्येक अंशाचा क्रमांक, कॅसेटीचे नाव, मूळ फितीवरील आरंभ व अंत आणि संकलित प्रतीतील आरंभ व अंत एवढ्याच बाबी असतात. तिच्यात शीर्षके, रंगदुरुस्ती किंवा ध्वनीचे अनेक थर येत नाहीत, ही तिची मर्यादा आहे. परंतु ती माणसालाही वाचता येते. संगणकाने साथ दिली नाही, तरी तिच्या आधारे संपूर्ण संकलन हाताने पुन्हा उभारता येते.

नोंदवहीत आणखी एक रकाना असावा : निवेदकाने काय दाखवू नये असे सांगितले आहे. मूळ कॅसेटी जपणे म्हणजे माणसे विश्वासाने बोललेले सारे काही जपणे होय. जे माहितीपटातून वगळण्याची विनंती झाली होती, ते वीस वर्षांनी अजाण हातांनी पुन्हा जोडले जाऊ नये.

६.२.७ फितीचे आयुष्य आणि स्थलांतर

अनेक चुंबकीय फितींत पॉलिस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर एका बंधकाने धरून ठेवलेला असतो. दमट हवेत हा बंधक बिघडतो आणि फितीवर बुरशीही चढते. कोकणासारख्या प्रदेशात हा धोका अधिक. कॅसेटी पूर्ण गुंडाळून, डबीत, उभ्या ठेवाव्यात. थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. ध्वनिवर्धक किंवा मोटारीसारख्या चुंबकीय क्षेत्रापासून दूर ठेवाव्यात.

फीत टिकली, तरी ती वाचणारे यंत्र टिकेल काय, हा आजचा अधिक निकडीचा प्रश्न आहे. डीव्ही यंत्रे आता दुर्मीळ झाली आहेत आणि अलीकडच्या बहुतेक संगणकांना फायरवायर जोडणी नसते. युनेस्कोच्या ‘माहिती सर्वांसाठी’ या कार्यक्रमाने ध्वनी व दृक्-श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या साहाय्याने २०१९ मध्ये जगभरातील संस्थांना चुंबकीय फितींविषयी सावध करणारा उपक्रम हाती घेतला. यंत्रे आणि सुटे भाग मिळेनासे होत असल्याने २०२५ च्या सुमारास फितींचे नियमित स्थलांतर अवघड होईल, असा इशारा त्यात होता. तो काळ आता आलेला आहे. आपल्याकडे कॅसेटी असतील, तर त्या उतरवून घेण्याचे काम पुढे ढकलू नये.

उतरवताना डीव्हीतील मूळ अंकीय प्रवाह जसाच्या तसा ठेवावा, कालसंकेतासह. जागा वाचवण्यासाठी त्याचे अधिक संकोचित रूप करून मूळ टाकून देऊ नये. पाहण्यासाठी लहान प्रत वेगळी करावी.

मोठ्या संस्था आज अशा फाइली पुन्हा फितीवरच ठेवतात, हे ऐकून आश्चर्य वाटेल. ही फीत एलटीओ प्रकारची असते. तिच्यावर चित्रण नव्हे, तर संगणकाच्या फाइली साठवल्या जातात. २००० मध्ये आलेल्या पहिल्या पिढीची क्षमता १०० गिगाबाइट होती. २०२१ मधील नवव्या पिढीची १८ टेराबाइट आहे. पाचव्या पिढीपासून फितीवरील फाइली हार्ड डिस्कप्रमाणे यादीरूपाने पाहता येतात. मात्र नव्या पिढीचे यंत्र फार जुनी फीत वाचत नाही : सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे मागील दोन पिढ्या वाचत, आठव्या पिढीचे यंत्र केवळ मागील एक. त्यामुळे ठरावीक काळाने नव्या फितीवर स्थलांतर करणे अटळ असते. आपल्यासारख्या वैयक्तिक अभ्यासकाने निदान दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवाव्यात, त्या दोन निरनिराळ्या इमारतींत असाव्यात आणि वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

अ) ६.२.५ मधील मांडणीनुसार पूर्ण प्रतीतील ००:०९:४०:१२ या चौकटीचे स्वच्छ चित्र संग्रहफितीवर कोठे मिळेल?
आ) संगीत बदलणे हा कोणत्या स्तरावरील बदल आहे? त्यासाठी कोणती पूर्वतयारी लागते?
इ) संकलन-यादीचा एक गुण व एक मर्यादा सांगा.

६.३ सारांश

अंतिम प्रत म्हणजे प्रकल्प नव्हे. प्रकल्प म्हणजे मूळ चित्रण, त्याविषयीच्या सूचना आणि कालसंकेत नसलेली इतर सामग्री यांचा समुच्चय होय. कालसंकेत अखंड आणि कॅसेटींची नावे अनन्य असतील, तर लहानशा प्रकल्प-फाइलच्या आधारे मूळ कॅसेटींवरून संपूर्ण प्रकल्प पुन्हा उभा करता येतो. अक्षर, ध्वनी आणि रचना या तीन स्तरांवरील बदलांसाठी अनुक्रमे स्वच्छ प्रत, विभक्त ध्वनिमार्ग आणि मूळ कॅसेटी जतन कराव्या लागतात. फीत व यंत्र दोन्ही कालमर्यादित असल्याने स्थलांतर हा जतनाचाच भाग आहे. ज्यांची बोली आपण टिपतो, त्यांना आपली चूक दाखवून देण्याचा हक्क आहे. ती दुरुस्त करता येईल अशी सामग्री राखणे हे आपले कर्तव्य आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

कालसंकेत : फितीवरील प्रत्येक चौकटीचा तास, मिनिट, सेकंद व चौकट यांत नोंदलेला क्रमांक.
स्वच्छ प्रत : उपशीर्षके, शीर्षके इत्यादी अक्षरे नसलेली संकलित प्रत.
हँडल : वापरलेल्या अंशाच्या दोन्ही बाजूंना राखलेला वाढीव भाग.
संकलन-यादी : संकलनातील सर्व अंशांचे मूळ व संकलित स्थान सांगणारी मजकूर-फाइल.
बॅच कॅप्चर : कालसंकेतानुसार ठरावीक अंश फितीवरून संगणकावर उतरवण्याची क्रिया.
स्थलांतर : जुन्या माध्यमावरील सामग्री नव्या माध्यमावर नेणे.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ – अ) प्रकल्प-फाइलमध्ये चित्र नसते, केवळ सूचना असतात. ज्या चित्रणाविषयी त्या सूचना आहेत तेच नसेल, तर त्या अंमलात आणता येत नाहीत. आ) ५ सेकंद १२ चौकटी, म्हणजे १३७ चौकटी.

प्रश्न २ – अ) ००:३६:४०:१२. आ) दुसऱ्या स्तरावरील, बोलणे आणि संगीत स्वतंत्र ध्वनिमार्गांवर ठेवलेले असावे लागते. इ) गुण : ती साधा मजकूर असल्याने कोणत्याही प्रणालीविना वाचता येते. मर्यादा : शीर्षके, रंगदुरुस्ती व ध्वनीचे थर तीत येत नाहीत.

६.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१) ‘संपादन’ आणि ‘संकलन’ या संज्ञांतील साम्यभेद उदाहरणांसह स्पष्ट करा.

२) १८ मिनिटांच्या माहितीपटासाठी ६० मिनिटांच्या कॅसेटीवरील संग्रहफितीची मांडणी तयार करा. उरलेल्या जागेत काय ठेवाल, ते सकारण लिहा.

३) “वगळलेला भागही भाषिक सामग्रीच असतो.” या विधानाची चर्चा करा.

४) क्षेत्रीय कार्य : आपल्या घरी, गावी किंवा परिचितांकडे असलेल्या पाच जुन्या कॅसेटींची नोंद करा. कॅसेटीचा प्रकार, तिच्यावरील मजकूर, बोलणाऱ्या व्यक्ती, त्यांची बोली आणि फितीची अवस्था हे रकाने ठेवा. तालुक्याच्या ठिकाणी लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणाऱ्या जुन्या स्टुडिओंत चालू स्थितीतील डीव्ही कॅमेरा आहे काय, याची चौकशी करा. शक्य झाल्यास एक कॅसेट उतरवून घ्या. तीत बोलणाऱ्या व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबीयांना ते चित्रण दाखवा आणि आपण केलेले शब्दांकन त्यांच्याकडून तपासून घ्या. त्यांनी सुचवलेली प्रत्येक दुरुस्ती तारखेसह लिहा.